कोलोरॅडोचा ॲव्हलांच (हिमस्खलन) फोरकास्ट, अख्खा हिवाळा रोज वापरून झाल्यावर

डेन्व्हरला राहतो, नोव्हेंबर ते एप्रिल जमेल तसं बर्थड पास आणि लव्हलँड पास या खिंडींच्या बाजूला स्की टूरिंगला (लिफ्टशिवाय, स्कीवरच डोंगर चढून मग उतरायला) जातो. महागडं सामान पुष्कळ घेतलंय, पण या सीझनमध्ये सगळ्यात उपयोगी पडली ती फुकट मिळणारी गोष्ट, कोलोरॅडो ॲव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा (इकडे सगळे सीएआयसीच म्हणतात) रोजचा फोरकास्ट. दुपारी साडेचारला दुसऱ्या दिवसाचा येतो, म्हणजे रात्री जेवताना निवांत वाचून कुठे जायचं ते ठरवता येतं.

बहुतेक लोक फक्त रंग बघतात. लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम अशा पाच पायऱ्या आहेत आणि "मॉडरेट आहे ना, चला मग" इथे विषय संपतो. माझ्या मते खरा माल त्याच्या खाली आहे. धोका कुठल्या प्रकारचा ते दिलेलं असतं आणि शेजारी एक गोल आकृती असते, आठ दिशा आणि उंचीचे तीन पट्टे, झाडं जिथे संपतात त्या रेषेच्या वर, त्या रेषेला आणि खाली; धोका जिथे आहे तो भाग रंगवलेला असतो. ती आकृती वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे.

कारण इकडे सगळा खेळ वाऱ्याचा. हिवाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, तो एका बाजूचा बर्फ खरवडून काढतो आणि डोंगराच्या धारेपलीकडे पूर्वेच्या उतारावर नेऊन टाकतो. आकाशातून एक कण पडलेला नसतो तरी तिकडे एका रात्रीत जाड थर बसतो, आणि उडताना कणांचा चुरा झालेला असल्यामुळे तो घट्ट, एकसंध बसतो, यालाच विंड स्लॅब म्हणतात. त्यात कोलोरॅडोत सुरुवातीचा बर्फ पातळ आणि रात्री कडाक्याच्या, त्यामुळे तळाच्या बर्फाचे जाड्या साखरेसारखे सुटे दाणे होतात. वर घट्ट फळी, खाली सुटे दाणे आणि उतार ३० ते ४५ अंशांचा, मग तो थर सुटायला एका माणसाचं वजनसुद्धा पुरतं.

म्हणून मी फोरकास्टच्या जोडीला वेदर स्टेशनचे आकडे बघतोच. गेल्या २४ तासांत धारेवर वारा किती आणि कुठल्या दिशेने, तासातासाचं मिळतं. साधारण ताशी २० मैलांच्या पुढे गेला की सुटा बर्फ हलतोय असं मी धरतो. एक मात्र लक्षात ठेवा, कधीकधी वारा मोजणाऱ्या यंत्रावरच बर्फ गोठतो आणि आकडा शून्य दिसतो! शेजारच्या स्टेशनवर ४० आणि इथे सलग शून्य, तर ती शांतता नाही, यंत्र गोठलंय.

फेब्रुवारीतला एक दिवस सांगतो. निळंशार आकाश, रेटिंग मॉडरेट, पण रात्रभर जोराचा पश्चिमी वारा होता आणि आकृतीत झाडांच्या वरच्या पूर्व बाजू रंगवलेल्या. झाडांची रेषा संपल्यावर मुद्दाम एका छोट्याशा उतारावर, जिथे बर्फ सुटला तरी कोणी गाडलं जायची भीती नाही अशा ठिकाणी, मित्राने पाय दिला तर आवाज पोकळ, ढब्ब असा, आणि स्कीच्या टोकापासून भेग सरळ पुढे पळत गेली, चांगली पाच-सहा फूट. वरचा बेत तिथेच रद्द, झाडीत २५-२६ अंशांच्या उतारावर दिवस काढला आणि मजा आलीच. फोरकास्टने जे लिहिलं होतं ते पायाखाली जसंच्या तसं.

मर्यादा आहे. फोरकास्ट मोठ्या भागासाठी असतो, तुमच्या एका घळीचा नाही. तिथे लोकांनी टाकलेले फील्ड रिपोर्ट कामी येतात, फोटोसकट असतात, मीही आता टाकतो. आणि बीकन (गाडलेल्या माणसाला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच, कंपनी कुठलीही असो बीकन सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात, फक्त मोबाइल त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवा. पण गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत निघाला तरच खरी आशा असते, म्हणून माझा सगळा भर आधीच्या वाचनावर.

पुण्या-मुंबईचे बरेच जण आता गुलमर्गला जातात म्हणून हे इतकं लिहिलं. तिथल्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा, वरचा टप्पा, फेज टू, तुम्हाला काही मिनिटांत अफरवट डोंगराच्या उघड्या धारेजवळ नेऊन सोडतो, वारा तिथेही तेच काम करतो. त्याच परिसरात हिमस्खलनांत २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराचे १७ जवान दगावले, २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीअर, २०२४ मध्ये एक रशियन. डीआरडीओच्या डीजीआरई संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे निघतात, ते बघाच, पण ते जिल्ह्यापुरते असतात. तेव्हा सकाळी गाईडला सरळ विचारा, रात्री वर वारा कुठल्या दिशेने होता आणि आज कुठल्या बाजूला बर्फ साचलाय. नेमकं उत्तर आलं नाही तर त्या दिवशी फेज वनच्या खालच्या उतारांवरच स्की करा.