ठासणीच्या रायफलला नवं बॅरल: एक पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

रायफल हॉकन या जुन्या अमेरिकन धर्तीची, कॅप (ठिणगी देणारी छोटी टोपी) लावून उडवायची, ५० कॅलिबरची, म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं. घेतली सेकंडहँड. आधी कुणीतरी काळी दारू उडवून ती न धुताच ठेवून दिलेली. या दारूच्या राखेत क्षार असतात, ते हवेतला ओलावा धरतात आणि नळी आतून खातात. गोळी ठासताना शेवटच्या चार बोटांवर गजाला खरखर जाणवायची. घासून, धुऊन, पॉलिश करून झालं, पण खड्डे भरून येत नाहीत. तेव्हा बॅरल बदललं.

नवं बॅरल निवडताना लोक कॅलिबर आणि लांबी आधी विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे: तुम्ही गोळी कोणती उडवणार? चिंधीत गुंडाळलेली गोल शिशाची, की लांबुडकी? गोल गोळी स्थिर राहायला फार गिरकी लागत नाही, म्हणून तिला मंद पीळ (नळीच्या आतल्या नागमोडी खाचांचा वळसा) चालतो, ६६ किंवा ७० इंचांत एक फेरी. लांबुडक्या गोळीला वेगाने फिरवावं लागतं. तिच्यासाठी ३२ किंवा २८ इंचांत एक फेरी घेणारी बॅरलं मिळतात. थॉम्पसन सेंटर या अमेरिकन कंपनीची हॉकन १९७० साली आली, तेव्हापासून रेडीमेड रायफलींत ४८ इंचांत एक फेरी ही मधली वाट रूढ झाली. दोन्ही गोळ्या चालाव्यात, हा हेतू.

पण निव्वळ आकड्यावर जाऊ नका. सेंट लुइसच्या हॉकन बंधूंच्या बऱ्याच मूळ रायफलींत ४८चाच पीळ आहे आणि त्या गोल गोळीच उडवत. फरक आहे तो खाचांच्या खोलीचा. गोल गोळी स्वतः खाचांत शिरत नाही, तिच्याभोवतीची चिंधी शिरते. खाचा इंचाच्या दहा-बारा हजारांश भाग खोल असतील तर जाड चिंधी नीट दाबून बसते आणि राखेलाही जागा उरते. खाचा उथळ असल्या की दोन-चार बारांतच गज जड होतो. विकणारे पीळ ठळक छापतात, खोली विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तेव्हा विचारा.

मी घेतलं ५४ कॅलिबरचं, ७०च्या पिळाचं, खोल खाचांचं, २८ इंची, बाहेरून आठ पैलूंचं, पैलू ते पैलू १५/१६ इंच, म्हणजे २३.८ मिलिमीटर. बाहेरचं माप जुन्याइतकंच ठेवलं तर दस्ता कोरावा लागत नाही. एक इंच जाडीचं बॅरल त्याच दस्त्यात घालायचं तर दोन्ही बाजूंचं लाकूड जातं, आणि ते परत लावता येत नाही. त्याच मापात ५० ऐवजी ५४ घेतलं की भोक मोठं झाल्याने वजन सव्वाशे ग्रॅमभर कमीच होतं. ३२ इंची घेतलं असतं तर उलट पाव किलो वाढलं असतं, तेही सगळं पुढच्या टोकाला. उभं राहून नेम धरणाऱ्या काहींना ते आवडतं. मला नाही.

‘थेट बसेल’ या शब्दांवर मात्र विसंबू नये. बॅरलच्या मागच्या टोकाला हूक असतो, तो दस्त्यात बसवलेल्या धातूच्या तुकड्यात, म्हणजे टँगमध्ये, अडकतो आणि पुढून पाचर ठोकली की काम झालं, असं सांगतात. पण एका कंपनीचा हूक दुसरीच्या टँगमध्ये बसेलच असं नाही, आणि एकाच जातीच्या दोन रायफलींतही केसभर फरक निघतो. माझा हूक आत जाईना. मेणबत्तीची काजळी हुकावर धरली, दाबून काढला, टँगमध्ये काळा डाग जिथे उमटला तिथला हुकाचा भाग बारीक कानशीने दोन-तीन हात घासला, पुन्हा काजळी. घाई केली तर हूक सैल होतो आणि मग दर बाराला बॅरल हलतं. हूक बसल्यावर बघायचं ते घोड्याकडे: तो निपलवर (कॅप बसते त्या बोंडावर) सरळ पडतो का? तिरका पडला तर कॅपचे तुकडे उडतात. माझा सरळ पडला, नशीब. बॅरलखालच्या पट्टीच्या स्क्रूची भोकं मात्र जुळली नाहीत, एक नवीन पाडावं लागलं. भिंत जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची आहे, तेव्हा ड्रिलला खोलीची खूण बांधल्याशिवाय हात लावू नका. शंका असेल तर सरळ गनस्मिथकडे द्या.

पहिल्या दिवशी निशाणं वाईटच लागली. अशा वेळी लक्ष्याकडे बघण्यापेक्षा पुढे जाऊन जमिनीवर पडलेल्या चिंध्या उचलाव्यात. चिंधीच्या मध्यभागी जळकं भोक असेल तर ती पातळ आहे किंवा तेल कमी पडलंय. माझ्या चिंध्यांना मध्ये काहीच झालं नव्हतं, पण गोळीच्या कडेने ओळीने बारीक चिरा होत्या, ब्लेडने ओढल्यासारख्या. म्हणजे नव्या खाचांच्या कडा धारदार. जॅगवर (गजाच्या टोकाला लावायच्या बोंडावर) हिरव्या घासणीचा तुकडा तेलात भिजवून गुंडाळला आणि आतबाहेर केला. तोंडाची आतली कडाही बारीक पॉलिश पेपरने अंगठ्याने गोल फिरवून गुळगुळीत केली, कारण चिंधी बहुतेकदा तिथेच कापली जाते. पुढच्या खेपेला चिंध्या कडेला झिरमिळ्या सुटलेल्या पण अखंड मिळाल्या. त्या पुन्हा वापरता येतील इतक्या चांगल्या दिसतात (वापरू नका).

आता जोडी पक्की आहे: इंचाच्या ५३० हजारांश व्यासाची गोळी, वजन साधारण २२४ ग्रेन (साडेचौदा ग्रॅम), आणि १८ हजारांश जाडीचं गादीपाटाचं कापड. ५० यार्डांवर बसून मारलं तर गोळ्या एकमेकींना चिकटून नसल्या तरी चहाच्या कपाच्या तोंडात मावतात. जुन्या बॅरलला त्यासाठी ताट लागायचं. मंद पिळाला दारू जरा जास्त लागते हे ऐकलं होतं, ते खरं निघालं. ५० ग्रेन दारूला पसरणाऱ्या गोळ्या ७०च्या आसपास गोळा झाल्या. मर्यादा बॅरलवाल्याच्या कागदावर बघायची, आणि बिनधुराची आधुनिक दारू कधीच नाही, चिमूटभरही नाही.

नेम धरायची पुढची माशी मुद्दाम उंच दिलेली असते, त्यामुळे सुरुवातीला गोळी खाली लागते. ती थोडी थोडी घासत न्यायची. गोळी वर चढते. ही घासाघीस चिंधी आणि दारू ठरल्यावरच करा, कारण घासलेली माशी वाढत नाही.

तक्रार एकच राहिली. लांबुडकी गोळी या बॅरलमधून हौस म्हणून उडवून पाहिली. लक्ष्याच्या कागदावर भोक गोल नाही, आडवं पडलं, म्हणजे गोळी हवेत कलंडली. शिकारीला लांबुडकी वापरणाऱ्याने हे बॅरल घेऊच नये. त्याला वेगवान पिळाचं दुसरं घ्यावं लागेल. पाचर काढून बॅरल बदलायला दोन मिनिटं लागतात, तेव्हा एका दस्त्यावर दोन बॅरलं ठेवणंही जमतं. मात्र कॅलिबर वेगळी असतील तर जॅग, गोळ्या आणि चिंध्या वेगळ्या डब्यांत ठेवा, आणि जॅग घेताना गजाच्या टोकाचे आटे ८-३२ मापाचे आहेत की १०-३२ ते आधी बघून घ्या.