आरओ, यूव्ही की सॉफ्टनर? आधी सम्पमध्ये काय पडतं ते बघा

पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत एकाच नळाला वर्षभरात तीन तऱ्हेचं पाणी येतं. कॉर्पोरेशनचं, कमी पडलं की बोअरचं, आणि एप्रिल-मे लागला की टँकरचं. तिन्ही एकाच सम्पमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत पडतात, म्हणून शेजारच्या सोसायटीत उत्तम चाललेलं यंत्र तुमच्याकडे कुचकामी ठरू शकतं.

कॉर्पोरेशनचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीचं. सह्याद्रीवरचा पाऊस कातळावरून वाहत धरणात येतो, खडकात मुरून क्षार घ्यायला त्याला फारसा वेळच मिळत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास, साबणाला भरपूर फेस. बोअरचं पाणी त्याच काळ्या खडकाच्या भेगांत मुरत, साचत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतं, त्यालाच कठीणपणा म्हणतात. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २०००. टँकरचं पाणी आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या, त्यामुळे पाइप सम्पमध्ये सोडण्याआधी पेलाभर घेऊन मीटर बुडवायची सवय वॉचमनला लावा.

मीटर काय सांगतो, काय सांगत नाही

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून अंदाज देतो. त्यात मीठही आलं आणि कॅल्शियमही. कठीणपणा किती, हे कळायला थेंब मोजण्याचा किट लागतो. नमुन्यात बफर आणि रंगाची पूड टाकली की पाणी वाइनसारखं लालसर होतं. मग एकेक थेंब टाकत बाटली हलवायची. शेवटाकडे जांभळट छटा रेंगाळते, तिथे घाई केली की आकडा चुकतो. स्वच्छ निळा दिसला की थांबा आणि थेंब किटवरच्या गुणकाने गुणा. घरातली खूणही खोटं बोलत नाही: चार शिट्ट्यांनंतरही तूरडाळ कचकचीत राहते, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं.

जंतू मात्र या दोन्हींत दिसत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. टीडीएस ८० असलेलं, चवीला गोड पाणीही दूषित असू शकतं. त्यासाठी ओटी टेस्ट करा, म्हणजे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते रंगावरून बघा. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. सम्पमध्ये पाणी दोन दिवस पडून राहिलं की तो बहुतेक उडून जातो.

प्यायच्या पाण्यासाठी: यूव्ही-यूएफ की आरओ

वर्षभर कॉर्पोरेशनचंच पाणी असेल तर यूव्ही-यूएफ (अतिनील दिवा आणि अतिबारीक छिद्रांची गाळणी) पुरे. यूव्हीचा दिवा जंतू आणि विषाणू दोन्ही मारतो, पण पाणी स्वच्छ असेल तरच. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की मातीचे कण जंतूंवर सावली धरतात. म्हणून दिव्याच्या आधी ५ मायक्रॉनची कँडल हवी आणि जून ते सप्टेंबर ती लवकर बदलायला हवी. दिवा निळा दिसतो म्हणजे काम करतोय असं नाही, साधारण ८-९ हजार तासांनंतर त्याचा जोर उतरतो. यूएफला वीज लागत नाही, जंतू अडतात, पण विषाणूंचा भरवसा नाही.

आरओ पाणी दाबाने एका पडद्यातून (मेंब्रेनमधून) ढकलून क्षार वेगळे काढतो. ८० टीडीएसच्या पाण्याला तो लावणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. घरगुती आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर सोडून देतो. रोज २० लिटर हवं तर ६० लिटर मोरीत. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणायला पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं, ते उगाच नव्हे.

बोअर-टँकरवर अवलंबून असाल आणि टीडीएस ५०० च्या वर जात असेल, किंवा प्रयोगशाळेच्या अहवालात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर आरओच घ्या. नायट्रेट उकळून जात नाही आणि तान्ह्या बाळांना ते बाधतं. इथे एक गोम आहे. आरओचं पाणी बेचव लागतं म्हणून मेकॅनिक टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू सैल करतो आणि मेंब्रेनला वळसा घालून आलेलं पाणी चांगल्यात मिसळतं. नायट्रेट असेल तर तो स्क्रू पूर्ण बंद ठेवा. सोडलेलं पाणी फरशीला, कमोडला चालेल. ६०० टीडीएसचं पाणी आत गेलं तर ते बाहेर जवळपास ८०० होऊन येतं, तेव्हा कुंड्यांना रोज नको.

अंघोळ, गीझर, वॉशिंग मशीन: सॉफ्टनर

ओट्यावरच्या आरओचा बाथरूमला काहीच उपयोग नाही. गीझर तापताना टकटक, खदखद आवाज येऊ लागला की कॉइलवर पिवळट पांढरा थर बसलाय समजा. खोललं तर तळाशी त्याचेच पापुद्रे मूठभर निघतात. थराखाली कॉइल जास्त तापते आणि जळते. थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवला तर थर हळू बसतो.

सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे बारीक मणी, कॅल्शियम धरतं आणि सोडियम सोडतं. म्हणून टीडीएस कमी होत नाही, आणि मीटर दाखवून ‘यंत्र बंद आहे’ म्हणणारे भांडत बसतात. हिशेब असा: एक लिटर रेझिन व्यवहारात ५० ग्रॅमच्या आसपास कठीणपणा धरतं आणि भरलं की मिठाच्या पाण्याने धुवायला साधारण १५० ग्रॅम मीठ घेतं. पाणी ४५० कठीणपणाचं असेल तर २५ लिटर रेझिन सुमारे २,७५० लिटर पाणी देईल, म्हणजे चौघांच्या घराला पाच दिवस. दर धुण्याला पावणेचार किलो मीठ.

हाच हिशेब शॉवरला लावायच्या फिल्टरला लावून बघा. त्यात पावशेरभर रेझिन, म्हणजे ४५० च्या पाण्याची जेमतेम एक बादली. नळाभोवती बांधायच्या चुंबकाने तर कठीणपणा हलत नाही, किटचे थेंब आधी जेवढे तेवढेच नंतर.

सॉफ्टनर सहसा तीन कारणांनी बिघडतो. मीठ संपलेलं कुणी बघत नाही, बोअरमधलं लोह रेझिनवर तपकिरी थर देतं, किंवा शेवटची धुलाई अर्धवट राहून नळाला खारं पाणी येतं. वरच्या मजल्यावर दाबही कमी पडतो, तिथे प्रेशर पंप धरूनच खर्च काढा. कठीणपणा शून्यावर आणू नका, बायपास व्हॉल्व्हने ७५-१०० ठेवा. दर १०० कठीणपणामागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, त्यामुळे स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीच फोडा, विशेषतः घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर.

सोसायटीने मिळून एकच प्लांट घेणं देखभालीला सोपं. पण १०,००० लिटरच्या एका टँकरमागे, त्याच ४५० च्या हिशेबाने, साडेतेरा किलो मीठ लागतं आणि ते सगळं ड्रेनेजमध्ये जातं. एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी बागेला देत असाल तर माती चिकट होऊन झाडं रडायला लागतील. अशा ठिकाणी आधी प्लंबरला बोलावून कॉर्पोरेशन आणि बोअरचे सम्प वेगळे करता येतात का ते विचारा. बोअर फक्त फ्लशला गेलं तर बऱ्याच सोसायट्यांत सॉफ्टनरची गरजच उरत नाही.

भाड्याने राहत असाल तर सॉफ्टनरच्या भानगडीत पडू नका. वॉशिंग मशीनच्या तोंडाशी क्षाराचा थर बसू न देणारं पॉलिफॉस्फेटचं कार्ट्रिज लावा (ते पाणी प्यायचं नाही), शॉवरची जाळी महिन्यातून एकदा कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून तासभर बुडवून ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड तिला लावलंत तर क्षाराबरोबर क्रोमचा मुलामाही निघून येईल.