आधी ट्रायपॉड, मग लेन्स: कृष्णाकाठी काही महिने वापरल्यानंतर

वन्यजीवांचा व्हिडिओ करायचा म्हटलं की नवखे पहिल्यांदा 'झूम किती?' एवढंच विचारतात. माझ्या मते आधी 'ट्रायपॉड कुठला?' हे विचारायला हवं. दिवाळीत मी कॅमेऱ्याचा सगळा सेट घेतला. पलूस-भिलवडीचा कृष्णाकाठ, येरळवाडीचा तलाव आणि सागरेश्वरच्या आसपासचे माळ, अशा ठिकाणी हिवाळाभर आणि उन्हाळाभर तो वापरला. अनेक जण काय घेऊ म्हणून विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

कॅमेरा सेकंडहँड घेतला, पॅनासॉनिक ल्युमिक्स जी८५. त्यावर १००-३०० मिमी लेन्स (दुसरी आवृत्ती), फ्लुइड हेडचा (म्हणजे आतल्या द्रवामुळे कॅमेरा अडखळत न फिरवणाऱ्या माथ्याचा) ट्रायपॉड आणि आवाजासाठी 'झूम' कंपनीचा एच१एन रेकॉर्डर. कॅमेरा २०१६ सालचा, १६ मेगापिक्सेलचा. फोटो काढणारे मित्र हा आकडा ऐकून नाक मुरडतात, पण फोरके व्हिडिओच्या एका फ्रेमला जेमतेम ८ मेगापिक्सेल लागतात. सेन्सर मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे फुलफ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा लहान असल्यामुळे ३०० मिमीवर फुलफ्रेमच्या ६०० मिमीइतकं दृश्य मिळतं. अंतिम फिल्म फुल एचडीत करणार असाल तर फोरकेमधून एडिटिंगला आणखी दुप्पट जवळ जाता येतं. कॅमेरा आणि लेन्स मिळून वजन साधारण एक किलो, त्यामुळे बांधाबांधानं चालत जाताना खांदा भरून येत नाही.

आता ट्रायपॉडचं. फोटोला शटर १/२००० सेकंद ठेवलं की हाताची थरथर दिसतच नाही. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० च्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर हालचाल तुटक दिसते. वर ६०० मिमीच्या नजरेतून पाहायचं, म्हणजे बोट लागलं तरी चित्र हलतं. हिवाळ्यात भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगर सकाळच्या उन्हाला तोंड उघडून पडते आणि बराच वेळ तसूभरही हलत नाही. अशा शॉटमध्ये प्रेक्षकाला दुसरं काही दिसायलाच नसतं, त्यामुळे कॅमेऱ्याचा बारीकसा हेलकावाही खटकतो. फोटोवाल्यांचं बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे वळणारा माथा, इथे कामाचं नाही. फ्लुइड हेडला ड्रॅग (फिरवतानाचा विरोध) कमी-जास्त करता येतो, आणि उडत्या चित्रबलाकामागे कॅमेरा तेलाच्या धारेसारखा सलग फिरतो. पायांवर वाटीचा बेस असलेला ट्रायपॉड मिळाला तर तोच घ्या. काठाच्या उतारावर पाय खालीवर करत बसण्यापेक्षा वाटीतच लेव्हल पटकन जुळते. ट्रायपॉडवर पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, नाहीतर पॅनच्या शेवटी चित्राला गचका बसतो.

जमिनीलगतच्या शॉटला मात्र मी बीन बॅग वापरते. गावातल्या शिंप्याकडून जुन्या जीनची पिशवी शिवून घेतली आणि निम्म्यापर्यंत शाळू भरला. टिटवीच्या उंचीवरून माळ टिपायला ती फार छान पडते.

भर उन्हात आयएसओ २००, एफ ५.६ आणि शटर १/५० ठेवलं तर चित्र पार पांढरं पडतं. त्यासाठी एनडी३२ हा प्रकाश कमी करणारा काळसर फिल्टर लागतो, म्हणजे पाच स्टॉप (पाच वेळा प्रकाश निम्मा). या लेन्सला ६७ मिमीचा फिल्टर बसतो.

या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस कॉन्ट्रास्ट पद्धतीचा आहे, म्हणजे चित्राचा उठाव पाहून तो फोकस शोधतो. लव्हाळ्यामागचा पक्षी टिपताना अशा फोकसवर विसंबू नये. मॅन्युअल ठेवून पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगात दाखवणारी सोय) लावते, पुढच्या गवताच्या काड्या सोडून डोळ्यावर फोकस आणते. हाताला सवय व्हायला वेळ लागतो, पण ही सवय पुढे कुठल्याही कॅमेऱ्यावर उपयोगी पडेल.

'निकॉन पी१००० का नाही?' हेही विचारतात. ३००० मिमीइतका झूम खरा आहे, पण तिथे अ‍ॅपर्चर एफ ८ आणि सेन्सर अगदी छोटा. प्राणी हालतात पहाटे आणि तिन्हीसांजेला, नेमका तेव्हाच प्रकाश कमी. शिवाय आपल्याकडे मार्चनंतर दहा वाजले की माळावर हवा थरथरायला लागते, आणि दूरच्या लांडग्याचं चित्र पाण्यात पाहिल्यासारखं दिसतं. लेन्स कितीही महाग असो, त्यापुढे काही चालत नाही. उजाडायच्या आत जागेवर जाऊन बसायचं.

आवाजाकडे नवखे लक्षच देत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये लेन्सची घरघर आणि आपल्या बोटांचा आवाज येतो. रेकॉर्डर लव्हाळ्याजवळ ठेवून त्यावर केसाळ विंडशील्ड चढवलं की खंड्याची किलबिल आणि पाण्याचा चुबकारा नीट मिळतो. कारखान्यांचा हंगाम चालू असताना मात्र उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी दोन-दोन मैलांवरून येतात. तेव्हा आवाज पहाटेच वेगळा भरून ठेवते. जी८५ ला हेडफोनची जागा नाही, एच१एन ला आहे, म्हणून ऐकत ऐकत रेकॉर्ड करता येतं.

कार्डाचा हिशोब असा: फोरकेच्या १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात सव्वा तासाच्या वर मावतं.

मगरीचं शूटिंग पाण्याच्या कडेला बसून करू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मी काठावर वर बसते आणि फोनवरच्या अ‍ॅपनं रेकॉर्डिंग चालू करते. आमिष टाकणं तर सोडाच. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, त्या जागेच्या आसपास फिरकायचं नाही आणि ठिकाण कुणाला सांगायचंही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. सागरेश्वर किंवा चांदोलीत चित्रीकरण करायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा. ड्रोन घरीच राहू द्या.

सेकंडहँड लेन्स घेताना पैसे देण्याआधी एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि घेतल्यावर, विशेषतः पाटण-कोयनेकडे पावसाळ्यात फिरणार असाल तर, सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत वापरता येतात.