नवा स्टाफ रुजू होतोय: माँटू, साय-टीबी की इग्रा?

हॉस्पिटलात नव्याने आलेल्यांना टीबीचा (क्षयाचा) संसर्ग आहे का, हे पाहायच्या या तीन चाचण्या. कोणतीही निवडा, पहिल्या दिवशी चार प्रश्न आणि छातीचा एक्स-रे सगळ्यांनाच: दोन आठवड्यांचा खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम. यात काही निघालं तर थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीचे जंतू थेट शोधणाऱ्या चाचण्या), आणि निकाल येईपर्यंत वॉर्ड ड्युटी नाही. पुढच्या तिन्ही चाचण्या फक्त संसर्ग झालाय का एवढंच सांगतात. आजार चालू आहे की जंतू नुसते दबून आहेत, हे त्यांना कळत नाही.

माँटू स्वस्त, पण हाताळणारा पक्का हवा. पीपीडी (टीबीच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन) 0.1 मिली, त्वचेच्या आतच. 6 ते 10 मिमीचा फुगवटा उठला नाही तर सुई खोल गेली समजा, दुसऱ्या जागी पुन्हा टोचा. 48 ते 72 तासांनी लाली नव्हे, कडकपणा मोजायचा, तोही हाताच्या आडव्या दिशेने. एरवी 10 मिमी पॉझिटिव्ह, एचआयव्ही असल्यास 5. गुरुवारी टोचलं की वाचन शनिवार-रविवारी येतं आणि गावी गेलेली सिस्टर उगवत नाही. म्हणून सोमवार-मंगळवारच धरा. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लसीमुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. निगेटिव्ह आल्यास 1 ते 3 आठवड्यांनी पुन्हा टोचायचं, कारण जुना संसर्ग कधी कधी दुसऱ्या टोचणीलाच जागा होतो. हे टाळलं तर पुढच्या वर्षी तोच 'नवा संसर्ग' वाटतो आणि वॉर्डावर खापर फुटतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी तशीच टोचायची, तितक्याच तासांनी वाचायची. पण बीसीजीचा घोळ नाही आणि सगळ्यांना 5 मिमी हीच एक रेघ. ती 18 वर्षांपुढच्यांसाठी आहे, म्हणजे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला 17 ची मुलगी असेल तर वेगळी सोय पाहा.

इग्रा रक्तावर होते, परत यावं लागत नाही, पण सगळ्यांत महाग. क्वांटिफेरॉन प्लस या इग्रा किटच्या चार नळ्या, प्रत्येकीत 1 मिली. दहा वेळा उलटसुलट हलवून आतली भिंत रक्ताने माखली पाहिजे. जोरात घुसळलं तर निकाल बिघडतो. 16 तासांत 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जायलाच हव्यात, तोवर 17 ते 27 अंशांत. मे महिन्यात परभणीहून संभाजीनगरला एसटीच्या टपावरून पाठवलेल्या नळ्यांवर विसंबू नये. लॅब लांब असेल तर लिथियम हेपॅरिनच्या नळीत रक्त घेऊन तीन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. असं 48 तास चालतं. पॉझिटिव्हची मर्यादा 0.35 आययू/मिली. त्याच्या अगदी जवळचा आकडा पुढच्या वेळी पलटू शकतो, तेव्हा लगेच गोळ्या सुरू न करता पुन्हा तपासा.

आमचा कौल: अंबाजोगाई, हिंगोलीसारख्या ठिकाणी साय-टीबी. इन्क्युबेटर हाताशी असेल आणि तिसऱ्या दिवशी माणसं परत येण्याची खात्री नसेल तर इग्रा. साय-टीबी आणि इग्रा दोन्ही जमत नसतील तर माँटू, पण दोन टप्प्यांतच. रुजू होताना एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) द्यायची असेल तर त्याच दिवशी चाचणी उरका, नाहीतर किमान चार आठवडे थांबा.

पॉझिटिव्ह आलेल्यांना पुन्हा टोचू नका. आजार नाही याची खात्री झाली की 3एचपीचे (टीबी होऊ नये म्हणून द्यायच्या आयसोनियाझिड-रिफापेंटिनच्या गोळ्या) आठवड्याला एक असे 12 डोस द्यायचे का, ते डॉक्टर ठरवतील; पुढे दरवर्षी लक्षणं विचारायची.