जुना आल्ट की नवं पात्र?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये माझे सहा आल्ट (मुख्य पात्राखेरीज बनवलेली जादा पात्रं) अर्धवट लेव्हलवर धूळ खात पडलेत. गेममधल्या सरायीत लॉगआउट केलेल्या अशा पात्राला ‘रेस्टेड’ बोनस साठतो, साधारण दीड लेव्हलपुरता. तो संपेपर्यंत शत्रू मारले की दुप्पट एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवगुण. म्हणजे माझी विसरलेली प्रीस्ट (पुरोहित पात्र) झोपेतच श्रीमंत झालीय! पण तिची गोष्ट काय होती, तेच आठवत नाही.

नवं पात्र पहिल्या लेव्हलपासून रखडवणार. पण कल्पना झकास आहे: आपल्या नाशिकच्या तीर्थोपाध्यांसारखा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी वह्यांत जपणारा ड्वार्फ (गेममधल्या बुटक्या वंशातला). अनोळखी योद्ध्याला थेट त्याच्या पणजोबाचं नाव सांगेल. कॉलेज रोडवरची आमची चौकडी आत्ताच आपापले पूर्वज ठरवत बसलीय. रोलप्लेमध्ये, म्हणजे पात्राची भूमिका जगत खेळताना, लेव्हल कोण विचारतं? प्रीस्टला झोपू दे अजून.