स्टोअरला मिळाली उरलेली जागा: नव्या विज्ञान इमारतीतले दहा महिने

नव्या विज्ञान इमारतीत प्रॅक्टिकल सुरू होऊन दहा महिने झाले. दोन सत्रं, एक वार्षिक परीक्षा आणि एक पूर्ण स्टॉकतपासणी या खोल्यांतून पार पडली. नव्या रंगाचं कौतुक ओसरलंय, सुरुवातीची चिडचिडही कमी झालीय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, आराखडा ठरवणाऱ्या समितीत रसायनशास्त्रातर्फे मीच होते आणि नकाशावर माझी सही आहे. त्यामुळे खाली जिथे जिथे 'चुकलं' म्हटलंय, तिथे त्या चुकीत मीही आले.

नकाशा समोर आला की आम्ही सगळे एकच विचारायचो: एका वेळी किती विद्यार्थी मावतील? ओटे मोजले, नळ मोजले, स्टुलं मोजली. प्रॅक्टिकलचे तीन तास सगळ्यांना दिसत होते. त्याच्या आधीची पंधरा मिनिटं आणि नंतरची पंधरा मिनिटं मात्र कुणाच्याच लक्षात आली नाहीत. बाटल्या बाहेर काढणं, ब्युरेट (थेंब थेंब द्रव सोडणाऱ्या मापनळ्या) लावणं, मग सगळी काच गोळा करणं, धुणं, टाकाऊ द्रावणं वेगळी करणं, ही सगळी कामं त्या अर्ध्या तासातली. इमारतीने दिलेला त्रासही जवळजवळ सगळा त्याच अर्ध्या तासातला आहे.

स्टोअरपासूनच सुरुवात करते. नकाशात लॅब, वर्ग, जिना, स्वच्छतागृहं बसवून झाल्यावर कोपऱ्यात एक लांबट पट्टी उरली, तिला 'भांडार' असं नाव मिळालं. क्षेत्रफळ कागदावर पुरेसं होतं. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना फडताळं लावल्यावर मधे इतकीच जागा राहिली की ट्रॉली आत गेली तर माणूस बाहेर. आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मॅडम, बाटली ठेवायला जागा आहे, बाटली उचलून वळायला नाही." अडीच लिटरच्या बाटलीत सल्फ्युरिक अ‍ॅसिड भरलेलं असेल तर नुसतं अ‍ॅसिडच साडेचार किलोच्या वर भरतं, काचेचं वजन वेगळं. असं काही छातीशी धरून कोपर न आपटता वळायचं म्हणजे खरंच मोकळी जागा लागते. शिवाय अशा सहा बाटल्या एका फळीवर ठेवल्या की तीस किलोच्या आसपास भार होतो. सुताराला आम्ही फळीची लांबी सांगितली होती, भार सांगितलाच नव्हता. दोन फळ्या मधोमध वाकल्या, त्या बदलल्या. नव्या फळ्यांना पुढे दोन बोटं उंचीची पट्टी मारून घेतली, म्हणजे बाटली सरकली तरी कडेवरून खाली येत नाही. द्रव अ‍ॅसिडं आता सगळी डोळ्यांच्या पातळीच्या खाली, आणि प्रत्येक गटाखाली प्लॅस्टिकचा ट्रे.

रचना लावतानाची चूक मात्र निव्वळ आमची. हलवाहलवीच्या घाईत मुलांनी बाटल्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावल्या. शोधायला सोपं, म्हणून आम्हीही कौतुक केलं. नंतर शांतपणे पाहिलं तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिटोन आणि अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर, म्हणजे जळणाऱ्याच्या शेजारी जाळणारा. 'सगळी अ‍ॅसिडं एका कपाटात' हा जुना समजही तितकाच फसवा. नायट्रिक अ‍ॅसिड जोरदार ऑक्सिडीकारक, म्हणजे जाळणाऱ्यांपैकी, आहे आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ज्वलनशील सेंद्रिय द्रव, त्यांची संगत नकोच. आता गट स्वभावानुसार आहेत: ज्वलनशील, ऑक्सिडीकारक, खनिज अ‍ॅसिडं, अल्कली, विषारी. अक्षरक्रम फक्त गटाच्या आत. नायट्रिकला स्वतंत्र खण. हे सगळं दिसायला पुस्तकी वाटतं, पण याचा नकाशाशी थेट संबंध आहे: पाच गट म्हणजे पाच वेगळ्या जागा, आणि त्या लांबट पट्टीत एकमेकांपासून दूर अशा पाच जागा निघतच नाहीत. शेवटी ज्वलनशील द्रवांसाठी दुहेरी पत्र्याचं, आपोआप बंद होणाऱ्या दाराचं कपाट घेऊन ते दुसरीकडे हलवावं लागलं.

हवेचं तर विचारूच नका. स्टोअरला खिडकी नाही आणि एक्झॉस्ट फॅन वर छताजवळ. तिसऱ्या महिन्यात कुलपांवर, बिजागऱ्यांवर, बाटल्यांच्या बाहेरून पांढरी भुकटी जमायला लागली. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि अमोनियाच्या बाटल्या समोरासमोरच्या फडताळांत होत्या. झाकणं कितीही घट्ट लावा, थोडी वाफ निसटतेच, आणि दोघींची गाठ पडली की अमोनियम क्लोराइड तयार होतं. वर्गात हाच प्रयोग आम्ही दोन काचकांड्या जवळ आणून हौसेने दाखवतो! लोखंडी कपाट वर्षाच्या आत गंजलं. आता पंखा दिवसरात्र चालतो, दाराला खालून जाळी बसवलीय आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या भिंतींना आहेत. भुकटी थांबली, गंज राहिला.

फ्रिजबद्दल एक. नव्या स्टोअरसाठी साधा घरगुती फ्रिज आला, आणि कुणीतरी त्यात डायएथिल ईथर ठेवलं. ईथरचा ज्वलनांक उणे ४५ अंश सेल्सियसच्या आसपास आहे, म्हणजे फ्रिजच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ असतेच, आणि आतल्या दिव्याचं बटण किंवा थर्मोस्टॅट ठिणगी टाकू शकतो. त्याच दिवशी काढलं. आता फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, आणि ईथरच्या प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख, कारण पडून राहिलेल्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात.

आता चांगलं सांगते, कारण एक निर्णय खरंच उत्तम निघाला. दोन लॅबच्या मधे तयारीची खोली आहे आणि तिला दोन्हीकडे सरकत्या झडपेची खिडकी. यासाठी समितीत बरंच भांडावं लागलं होतं. 'एवढ्या जागेत आणखी आठ विद्यार्थी बसतील' हा युक्तिवाद रोज ऐकला. आज काका खोलीतूनच ट्रे आत सरकवतात, रिकामी काच त्याच खिडकीतून परत येते, आणि गर्दीतून अ‍ॅसिड घेऊन कुणालाच चालावं लागत नाही. फक्त खिडकीचा कठडा ओट्याच्या उंचीला, म्हणजे ९० सेंटिमीटरवर हवा होता. आमचा त्याहून बराच वर झाला, त्यामुळे भरलेला ट्रे उचलून द्यावा लागतो. आणि खोलीच्या दाराला जेमतेम दोन सेंटिमीटरचा उंबरा ठेवलाय. दोन सेंटिमीटर! ट्रॉलीवरच्या साठ परीक्षानळ्यांना विचारा. शेवटी उतरत्या लाकडी पट्ट्या ठोकल्या. गॅस सिलिंडरची ढकलगाडीही त्याचमुळे आत येते. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेले, उभेच.

फ्यूम हूडचा, म्हणजे धूर-वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या सरकत्या काचेच्या कपाटाचा, किस्सा मोठा आहे. आम्हाला दोन हूड मिळाले, दिसायला देखणे. पहिल्या महिन्यात दोन्ही एकदम चालू केले की लॅबचं दार उघडेना. दार बाहेर उघडणारं आहे, जसं असायला हवं तसंच, पण मुलींना खांदा लावून ढकलावं लागायचं. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी दाब मोजणारा पाण्याचा मॅनोमीटर लावून पाहिला: आतबाहेर पाच मिलिमीटरचा फरक. ऐकायला काहीच नाही. पण पाच मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ५० पास्कल, आणि दोन चौरस मीटरच्या दारावर तो १०० न्यूटनचा जोर होतो. हूडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास धरतात. आमच्या हूडचं तोंड दीड मीटर रुंद, काच ४५ सेंटिमीटर उचललेली; हिशेब केला तर एक हूड तासाला १२०० घनमीटरच्या वर हवा बाहेर फेकतो. दोन्ही मिळून आमच्या लॅबची सगळी हवा तासातून सात वेळा बदलते. एवढी हवा बाहेर जाणार हे ठरलं होतं, ती आत कुठून येणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. हूड एकाच्या कामात, हवा येण्याचा मार्ग दुसऱ्याच्या, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत. खिडक्या उघडल्या तर दार हलकं होतं, पण वाऱ्याचा झोत हूडच्या तोंडावरून जातो आणि धूर बाहेर ओढतो. आता मार्गिकेकडच्या भिंतीत उंचावर जाळ्या पाडल्यात.

त्यातला एक हूड दाराला लागून आहे, ही दुसरी गंमत. माणूस साध्या चालीने सेकंदाला एक मीटरहून जास्त चालतो, म्हणजे हूडच्या ओढीच्या दुप्पट वेगाने. कुणी समोरून गेलं की आतला धूर त्याच्यामागे थोडा बाहेर येतो; अगरबत्ती धरून पाहिलं, स्पष्ट दिसतं. त्या हूडमध्ये आता फक्त बिनधोक कामं होतात. अर्धा हूड वाया.

ओट्यांबद्दल फार तक्रार नाही. ग्रॅनाइट निवडलं, डाग पडत नाहीत, सांध्यांतली भर मात्र अ‍ॅसिडने खरवडली जाते. संगमरवराचा प्रस्ताव आला होता, तो कॅल्शियम कार्बोनेट आहे एवढं म्हटल्यावर मागे घेतला गेला. ओट्यांमधली वाट दीड मीटर ठेवली होती, ती स्टुलं आणि दप्तरांनी निम्मी झाली. दप्तरांचा कप्पा नकाशात कुठेच नव्हता. दाराबाहेर एक साधा रॅक लावला आणि वाट परत मिळाली. दहा महिन्यांतली सर्वात छोटी, सर्वात उपयोगी दुरुस्ती हीच.

गॅसच्या नळांवरून एक आठवण. जर्मनीतल्या हायडेलबर्गला १८५५ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनची नवी प्रयोगशाळा उभी राहत होती, तेव्हा शहरात नुकताच गॅस आला होता आणि तो ओट्यांपर्यंत नेण्याची सोय झाली. आता या गॅसला चांगला बर्नर हवा, म्हणून बुन्सेन आणि विद्यापीठाचा यंत्रकारागीर देसागा कामाला लागले आणि आपल्या सगळ्यांच्या ओट्यावरचा तो बर्नर जन्माला आला. मला हे आवडतं, कारण इथे उपकरणासाठी इमारत झाली नाही, इमारतीमुळे उपकरण झालं. आमच्याकडे उलट गोष्ट: प्लगपॉइंट भिंतीला दिले आणि पीएच मीटर, कलरीमीटर मधल्या ओट्यांवर वापरायचे. वायर जमिनीवरून ओढायची नाही, म्हणून सगळी मोजमापं आता भिंतीलगत रांग लावून होतात.

दिव्यांचं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. पिवळसर उबदार दिवे लावले, छान वाटायचं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण घालून मोजताना, मिथिल ऑरेंज या दर्शकाचा रंगबदल त्या उजेडात कळेना, आणि एकाच बॅचची वाचनं अर्धा अर्धा मिलिलिटर पुढे गेली. पांढरे दिवे लावल्यावर पुन्हा जागेवर आली. तराजूची खोली मात्र अजून सुटलेली नाही. चार दशांशाचे तराजू जिन्याशेजारच्या भिंतीला आहेत, तास सुटला की शेवटचा अंक नाचत राहतो. तराजूंखालची दगडी फरशी भिंतीपासून सोडवून वेगळ्या पायांवर घ्यायची आहे.

आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ आहेत, दोन्ही दाराजवळ, दहा सेकंदांत पोचता येईल असे. इथे चूक खाली आहे: जमिनीत मोरीच नाही. असा शॉवर मिनिटाला ७५ लिटर पाणी सोडतो आणि अंगावर अ‍ॅसिड पडलं तर पंधरा मिनिटं उभं राहायचं असतं. म्हणजे हजार लिटरच्या वर पाणी, थेट मार्गिकेत. मोरी नसल्याने कुणी चाचणी घ्यायला धजत नव्हतं, आणि चाचणी न झालेल्या डोळ्यांच्या नळातून पहिलं पाणी आलं ते गंजाचं, तांबूस. आता दर सोमवारी बादली धरून नळ सोडतो. शॉवरला प्लॅस्टिकची नळी बांधून पिंपात.

जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्राचं थोडक्यात. फॉर्मॅलिनमधले नमुने बंद कपाटात होते, डोळे चुरचुरायचे, कपाटालाच एक्झॉस्ट जोडला. भौतिकशास्त्राची अंधारी खोली सुरेख झाली, स्पेक्ट्रोमीटरवर रेषा स्वच्छ दिसतात. त्यांची तक्रार तीच, साहित्य ठेवायला जागा नाही.

म्हणून त्यांच्यासाठी आता मागच्या बाजूला वेगळं स्टोअर काढायचं ठरलंय. गेल्या आठवड्यात नकाशा आला. काकांनी रिकाम्या हॉलमध्ये तो खडूने खऱ्या मापात आखला, फडताळांच्या जागी बाकं लावली आणि भरलेली ट्रॉली आत घेऊन गेले. दुसऱ्या वळणावर अडकली. कागदावरचं दार अर्धा मीटर डावीकडे सरकवलंय, आता पुन्हा खडू मारून पाहायचंय.