ॲरो की टर्बो ॲरो? बडोद्यातून उडणाऱ्यासाठी

जुनं पायपर ॲरो, म्हणजे चार जणांचं एका इंजिनाचं छोटं विमान, घ्यायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेलं की बिनटर्बोचं? आम्ही तिघांनी भागीदारीत विमान घेतलं तेव्हा याच प्रश्नावर महिनाभर खल चालला होता. त्याआधी तीन वर्षं मी नोकरीनिमित्त कोलोरॅडोत होतो आणि टर्बो ॲरोवर बरेच तास काढले होते. तेव्हा टर्बोशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो.

ताकद दोन्हींची 200 अश्वशक्तीच. साध्या ॲरोत लायकमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बोत काँटिनेंटलचं सहा सिलिंडरचं. सहा सिलिंडर जास्त गुळगुळीत चालतात. लांबच्या प्रवासात ते अंगाला जाणवतं आणि अजूनही मला त्याची आठवण येते. खरा फरक मात्र उंचीवर पडतो. बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण एक इंच मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा पाऱ्याच्या इंचांत मोजलेला दाब, गमावतं. आठ हजार फुटांवर थ्रॉटल पूर्ण उघडा असूनही 75 टक्क्यांच्या आसपास ताकद उरते. डेन्व्हरजवळचा सेंटेनियल विमानतळच 5,885 फुटांवर आहे, लेडव्हिलचा तर 9,934 फुटांवर. तिथे टर्बोवाचून माझं पान हलत नसे.

बडोद्याचा विमानतळ 129 फुटांवर आहे. इथून आपण जाऊन जाऊन जाणार कुठे? दीव, भावनगर, उदयपूर, इंदूर, फार तर नाशिक. सह्याद्रीतलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. अरवलीतलं गुरुशिखर 1,722 मीटर, म्हणजे साधारण 5,650 फूट. आठ हजार फुटांवरून गेलात की दोन्ही आरामात खाली राहतात. टर्बोचा खरा फायदा त्याच्याही बराच वर सुरू होतो, आणि दहा हजारांच्या पुढे ऑक्सिजनची सोय बघावी लागते. घरची मंडळी आणि लहान मुलं बरोबर असताना मी तिकडे फिरकत नाही.

इंधनाचंही पाहा. टर्बोचा दाब सोसावा म्हणून त्या काँटिनेंटलचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 7.5 ठेवलं आहे, लायकमिंगचं 8.7 आहे. कॉम्प्रेशन कमी, म्हणून खालच्या उंचीवर तेवढ्याच कामाला टर्बोवालं थोडं जास्त पितं, निदान माझ्या वहीतले आकडे तसं सांगतात. 2022 पासून ॲव्हगॅस, म्हणजे या इंजिनांना लागणारं विमानाचं पेट्रोल, आपल्या बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत बनू लागलं आहे. त्याआधी ते सगळं बाहेरून यायचं. तरीही ते जपूनच वापरावं लागतं.

पण माझ्यापुरता निकाल लावला तो वेस्टगेटने, म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या वाटेने. टर्बो ॲरोचं वेस्टगेट मुळात स्थिर असतं. एक्झॉस्टचा ठरावीक भाग बाजूने निघून जातो, बाकीचा टर्बो फिरवतो आणि मधे आवरणारं कुणी नसतं. मॅनिफोल्ड प्रेशरची मर्यादा 41 इंच. समुद्रसपाटीजवळ थ्रॉटल पूर्ण उघडायच्या बरंच आधी काटा तिथे पोचतो. तुम्ही 38 वर हात थांबवता, पण वेग वाढतो तसा काटा आपोआप सरकत राहतो. मग थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे. कोलोरॅडोतल्या विरळ हवेत हे एवढं जाचलं नव्हतं.

घ्यायच्या आधी एका ओळखीच्या मालकाचं टर्बो ॲरो आम्ही इथे तीन आठवडे उडवून पाहिलं. डिसेंबरातली थंड, दाट हवेची सकाळ होती. धावपट्टीवर वेग घेताना ओव्हरबूस्टचा, म्हणजे दाब मर्यादेला पोचल्याचा, दिवा लागला, मी थ्रॉटल मागे घेत काट्याकडे पाहत राहिलो, आणि शेजारी बसलेला भागीदार ओरडला, "टिटव्या!" समोरून थवा उठला होता. वेग अजून कमी होता, थांबायला जागा होती, थांबलो. कुणाला काही झालं नाही. पण ज्या क्षणी नजर बाहेर हवी होती त्या क्षणी ती काट्यावर होती, हे मला रात्रभर छळत राहिलं. साध्या ॲरोत थ्रॉटल शेवटापर्यंत ढकलायचा, इंजिनाच्या काट्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि धावपट्टीकडे पाहायचं.

बाजारात यासाठी आपोआप चालणारं वेस्टगेट आणि टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मिळतात. ते बसवलेलं विमान मिळत असेल तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते. तरी उतरल्यावर टर्बो थंड व्हायला काही मिनिटं इंजिन मंद चालू ठेवणं आलं, आणि एक्झॉस्टच्या क्लँपांची तपासणी काटेकोर ठेवणं आलं. क्लँप निसटला तर तप्त वायू इंजिनाच्या कप्प्यात घुसतो, तिथे हयगय चालत नाही.

साध्या ॲरोची उणीव लपवणार नाही. मेमध्ये पारा 43 ला गेला की बडोद्यातली हवा साडेतीन हजार फुटांवरच्या हवेसारखी वागते. चौघं बसलेले आणि टाक्या भरलेल्या असल्या तर विमान मनासारखं चढत नाही. टर्बो अशा वेळी हसत चढलं असतं. आम्ही उन्हाळ्यात सकाळी सहालाच निघतो आणि टाक्या अर्ध्या ठेवतो.

लेहसारख्या 10,682 फुटांवरच्या धावपट्टीची स्वप्नं असतील तर टर्बोच घ्या, मी अडवणार नाही. नाहीतर दोन्ही विमानांत एकेकदा उजव्या सीटवर बसा आणि टेक-ऑफच्या वेळी चालवणाऱ्याचे डोळे कुठे आहेत ते पाहा.